डीएससीतला ऑनसेट आणि एआरसीतला ऑनसेट

कोल्हापुरात एम.एस्सी. करून लोटे किंवा महाडच्या प्लांटवर रुजू झालेल्या केमिस्टला डीएससी, म्हणजे नमुना तापवत त्यातून निघणारी उष्णता मोजणारी चाचणी, समजावून सांगावी लागत नाही. पाचेक मिलिग्रॅम नमुना, मिनिटाला पाच-दहा अंशांचा रॅम्प, तासाभरात आलेख हातात. एआरसी (अ‍ॅक्सलरेटिंग रेट कॅलरीमीटर), म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देता मोजणारा अ‍ॅडियाबॅटिक कॅलरीमीटर, मात्र बहुतेकांनी रिपोर्टातच पाहिलेला असतो. दोन्ही रिपोर्टांत 'ऑनसेट', म्हणजे विघटनाची उष्णता दिसायला लागते ते तापमान, हा एकच शब्द असतो आणि घोळ तिथेच होतो. डीएससीत ऑनसेट १५० आला, त्यातून पन्नास वजा केले, बॅच शीटवर 'कमाल १०० अंश, सुरक्षित' असं लिहिलं आणि विषय संपवला. असं लिहिणं थांबायला हवं.

किरकोळ फरक आधी उरकू. डीएससीला मिलिग्रॅम लागतात, एआरसीला दोन ते आठ ग्रॅम. डीएससी तासाभरात होते, एआरसी एक-दोन दिवस चालतो. डीएससी दाब मोजत नाही, एआरसी मोजतो. डीएससी नमुन्याला ठरलेल्या वेगाने तापवत पुढे ओढून नेते. एआरसी पाच अंश तापवतो, दहा-पंधरा मिनिटं थांबतो आणि नमुना स्वतःहून मिनिटाला ०.०२ अंशापेक्षा जास्त वेगाने तापतोय का ते बघतो. तसं दिसलं की हीटर नमुन्याच्या मागे मागे तेवढ्याच तापमानावर चालतात, त्यामुळे उष्णतेला बाहेर जायला वाट उरत नाही.

आता खरा मुद्दा. उत्कलनबिंदू जसा पदार्थाचा असतो, तसा ऑनसेट पदार्थाचा नसतो. यंत्राला उष्णता पहिल्यांदा जाणवली ते हे तापमान. प्रक्रिया त्याच्या खालीही चालूच असते, फक्त मंद. रॅम्पवरच्या डीएससीला साधारण किलोमागे १० वॉट उष्णता निघायला लागली की जाणीव होते. एआरसीचा ०.०२ अंश, विशिष्ट उष्णता किलोला अंशामागे २ किलोज्यूल धरली, तर किलोमागे ०.७ वॉटच्या आसपास भरतो. म्हणजे एआरसी सुमारे पंधरापट तिखट कानाचा आहे.

किलोमागे अर्धा वॉट ऐकून कुणी दचकत नाही, कारण प्रयोगशाळेत तेवढी उष्णता कुठल्या कुठे उडून जाते. गुऱ्हाळात हे रोज दिसतं. काहिलीतला पाक वाफ्यात पातळ पसरला की लवकर निवतो. तोच तीस किलोच्या रव्यात भरला की वरून घट्ट झाला तरी आतला भाग बराच वेळ चटके देतो. ८० अंशांवरची १० मिलिलिटरची टेस्टट्यूब एक अंश उतरायला ११ सेकंद घेते. अडीच केएलचा (अडीच हजार लिटरचा) रिअ‍ॅक्टर, जॅकेटला पाणी नसेल तर, वीसेक मिनिटं घेतो, आणि २५ केएलचा जवळपास चार तास. पाणी बंद आणि अ‍ॅजिटेटर (ढवळणारा पंखा) बंद अशा मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो अर्धा वॉट आतच साठत जातो.

एक हिशेब मांडतो. शून्य कोटीचं, म्हणजे माल किती उरलाय यावर वेग अवलंबून नसलेलं, साधं विघटन, सक्रियण ऊर्जा (तापमानाबरोबर वेग किती झपाट्याने बदलतो ते ठरवणारा आकडा) मोलमागे १०० किलोज्यूल, डीएससीचा ऑनसेट १५० अंश. हाच पदार्थ एआरसीत घातला, नमुना भरायच्या धातूच्या भांड्याच्या, म्हणजे बॉम्बच्या, वजनामुळे येणारा फाय (नमुना आणि बॉम्ब मिळून तापायला लागणारी उष्णता भागिले एकट्या नमुन्याला लागणारी) २ धरला, तर ऑनसेट १२२ च्या आसपास दिसेल. आणि ज्या तापमानावर थंडावा पूर्ण गेला तरी रनअवे (आवरता न येणारी तापवाढ) व्हायला चोवीस तास लागतील, म्हणजे टीडी-२४, ते येतं १०२. पदार्थ एकच, आकडे तीन. त्यातला शेवटचाच प्लांटच्या कामाचा आहे.

मग १५० वजा ५० म्हणजे १००, बरोबरच की, असं कुणी म्हणेल. ते योगायोगाने जुळलं. सक्रियण ऊर्जा १०० ऐवजी ५० धरा. डीएससीचा ऑनसेट तोच १५०, पण टीडी-२४ घसरून ७५ वर येतो. बॅच शीटवरच्या 'सुरक्षित' १०० अंशांवर हातात चोवीस तास नसून साडेआठ तास उरतात. रात्रपाळीला पंप गेला आणि सकाळी कळलं, तर तेवढ्यात वेळ संपलेली असते. ऑनसेटमधून पन्नासऐवजी शंभर अंश वजा करायचा नियम या दोन्ही उदाहरणांत तरतो. म्हणून निव्वळ डीएससीवरून मर्यादा ठरवायचीच असेल तर शंभरचं अंतर ठेवा, पन्नासचं कधीच नको. ऑटोकॅटॅलिटिक पदार्थाला, म्हणजे विघटनातून निघालेल्या मालानेच ज्याचं विघटन वेग घेतं अशाला, मात्र शंभरही पुरेलच असं नाही. असा पदार्थ तासन्‌तास गप्प बसतो आणि मग एकदम उसळतो. डीएससीत अरुंद, उंच सुळका दिसला, विशेषतः नायट्रो संयुगांत, तर ऑनसेटच्या खाली स्थिर तापमानावर कित्येक तास डीएससी चालवून बघा. सुळका उशिरा येत असेल तर तो पदार्थ अंतर-बिंतर ठेवून सांभाळण्यातला नाही.

इटलीतलं सेवेसो, १० जुलै १९७६. ट्रायक्लोरोफिनॉलची बॅच सुमारे १५८ अंशांवर असताना ढवळणं थांबवून तशीच सोडली होती. विघटन २३० च्या पुढे सुरू होतं अशी तेव्हाची समजूत होती, म्हणजे सत्तर अंशांची मोकळीक. साडेसहा तासांनी रप्चर डिस्क (दाब जास्त झाला की फुटणारी सुरक्षा-चकती) फुटली. रिअ‍ॅक्टरच्या वाफेने तापलेल्या भिंतीने वरचा थर गरम केला होता, आणि नंतरच्या चाचण्यांत १८५ अंशांच्या आसपास सुरू होणारं मंद उष्णता-उत्सर्जन सापडलं. मंद होतं म्हणूनच ते आधी कुणाला दिसलं नव्हतं.

एआरसीचा ऑनसेटही सुरक्षित तापमान नाही, हे याच ओघात येतं. फाय २ असेल तर यंत्रात दिसलेला मिनिटाला ०.०२ म्हणजे प्लांटमध्ये ०.०४, तासाला जवळपास अडीच अंश. वरच्या उदाहरणात १२२ वर उरतात जेमतेम साडेपाच तास. एआरसीचं मोल ऑनसेटमध्ये नाही, त्यानंतरच्या वेगाच्या वक्रात आहे. त्या वक्रावरून सक्रियण ऊर्जा काढा, फायची दुरुस्ती करा आणि खाली टीडी-२४ पर्यंत या.

फायकडे दुर्लक्ष केलेला रिपोर्ट परत पाठवावा. हॅस्टेलॉय या मिश्रधातूचा २० ग्रॅमचा बॉम्ब आणि त्यात ४ ग्रॅम नमुना असेल तर फाय २.०५ येतो. मोजलेली वाढ १२० अंश असेल, तर प्लांटमध्ये ती २४५ च्या पुढे जाते. नुसता गुणाकार करूनही भागत नाही. ११० वर सुरू झालेला नमुना बॉम्बमध्ये २३० वर थांबला. २६० वर दुसरं विघटन सुरू होत असेल, तर यंत्राने ते पाहिलंच नाही. रिअ‍ॅक्टर मात्र त्याला ओलांडून पुढे जाईल. रिलीफ व्हेंटचं (जादा दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेचं) माप काढायला तर असा डेटा वापरूच नये. त्यासाठी पातळ भिंतीच्या सेलचं, फाय १.१ च्या आसपास ठेवणारं व्हीएसपी-२ सारखं यंत्र लागतं.

क्रम चुकवू नका: आधी डीएससी, मग एआरसी. विघटनाची ऊर्जा न बघता सहा ग्रॅम नमुना बॉम्बमध्ये भरला तर यंत्रच फुटू शकतं. डीएससीला भोक पाडलेलं अ‍ॅल्युमिनियम पॅन वापरू नये. सॉल्व्हंट उडताना उष्णता खातो, आलेख खाली जातो आणि विघटनाचा उंचवटा त्यात बुडतो. सोन्याचा मुलामा असलेली, दाब सोसणारी बंद क्रुसिबलच घ्या. विघटनाची ऊर्जा ग्रॅममागे १०० ज्यूलच्या आत असेल तर एकूण वाढ पन्नास अंशांच्या आत राहते. वायू निघत नसेल आणि त्या वाढीत सॉल्व्हंट उकळत नसेल, तर एआरसीचा खर्च करायची गरज नाही.

नमुना शुद्ध पावडरचा नको. डिस्टिलेशनच्या तळाशी उरलेला राप, मदर लिकर (स्फटिक गाळून उरलेलं द्रावण), गंज लागलेल्या लाइनीतून आलेला माल, प्लांटमध्ये जे खरोखर गरम होतं तेच बॉम्बमध्ये गेलं पाहिजे. लोहाचा अंश काही पदार्थांचा ऑनसेट कित्येक अंशांनी खाली आणतो. चाचणी संपली की बॉम्ब खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि उरलेला दाब वाचा. नमुन्यावर भरलेल्या हवेचा किंवा नायट्रोजनचा दाब त्यातून वजा केल्यावर जो उरतो तो कायमचा वायू. हा आकडा रिपोर्टात नसेल तर मागून घ्या.