हॉन्स मिल आणि माउंटन मेडोज: दोन हत्याकांडं, नेहमी होणारा एकच घोळ

कुणी नुसतं "मॉर्मन हत्याकांड" म्हटलं की मी आधी विचारते, कुठलं? कारण १८३८ मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात मॉर्मन (जोसेफ स्मिथने काढलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक) मारले गेले आणि १८५७ मध्ये युटात मॉर्मनांनी मारले, आणि लोक हे दोन्ही सर्रास एकत्र करतात, त्यात १७ हा आकडा दोन्हीकडे येतो म्हणून घोळ अजूनच वाढतो.

आधी हॉन्स मिल. जोसेफ स्मिथचा पंथ तेव्हा जेमतेम ८ वर्षांचा होता. मिसूरीत हे लोक हजारोंनी आले, जमिनी घेतल्या, ही आमची पवित्र भूमी म्हणायला लागले, मतदान एकगठ्ठा करायचे, त्यामुळे आधीपासून राहणारे लोक बिथरले आणि ऑगस्टमध्ये गॅलटिन गावात मतदानाच्या दिवशीच हाणामारी झाली. मग दोन्ही बाजूंनी जाळपोळ. २७ ऑक्टोबरला गव्हर्नर बॉग्जने हुकूम काढला की मॉर्मनांना शत्रू समजा, संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला. सरकारी कागदावर हे असं लिहिलंय! तीनच दिवसांनी सुमारे २४० हत्यारबंद लोक शोल क्रीक ओढ्याच्या काठावरच्या हॉन्स मिल या गिरणीवर चालून आले. तिथले मॉर्मन पुरुष लोहारकामाच्या शेडमध्ये शिरले, पण तिच्या भिंती लाकडी ओंडक्यांच्या, मध्ये मोठाल्या फटी, त्यातूनच आत गोळ्या घातल्या. १७ जण गेले. १० वर्षांचा सार्डियस स्मिथ भात्याखाली लपला होता, त्यालाही सोडलं नाही. प्रेतं एका अर्धवट विहिरीत टाकावी लागली. शिक्षा कुणालाच नाही. (हल्ला गव्हर्नरच्या हुकमावरूनच झाला असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं, पण तो हुकूम या टोळीच्या हाती पडल्याचा पुरावा नाही.)

आता माउंटन मेडोज, १९ वर्षांनंतरचं. मधल्या काळात १८४४ ला जोसेफ स्मिथला इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने मारलं आणि त्याच्यानंतरचा नेता ब्रिगहॅम यंग मॉर्मनांना घेऊन युटाला गेला. १८५७ ला राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी तिकडे सैन्य पाठवलं, म्हणजे आता पुन्हा आपल्याला हुसकावणार अशी भीती घरोघरी. नेमका त्याच वेळी आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाला निघालेल्या कुटुंबांचा तांडा दक्षिण युटातून जात होता. स्थानिक मॉर्मन मिलिशियाने (नागरिकांच्या हत्यारबंद दलाने) काही पाययूट (तिथले मूळ रहिवासी) लोकांना सोबत घेऊन त्यांना माउंटन मेडोज या कुरणात वेढलं, ११ सप्टेंबरला पांढरं निशाण दाखवून सांगितलं की हत्यारं खाली ठेवा, सुखरूप नेतो, आणि बाहेर काढून सुमारे १२० जणांना मारलं, बायकामुलांसकट. इथले १७ म्हणजे वाचलेली लहान मुलं, ती १८५९ मध्ये आर्कान्साला नातेवाइकांकडे परत गेली. आणि दोष बराच काळ पाययूटांच्या माथी.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो मॉर्मन मिलिशियातला जॉन ली. पांढरं निशाण घेऊन तांड्याशी बोलायला गेला तो हाच, आणि गॅलटिनच्या त्या मारामारीतही हाच होता. म्हणजे मिसूरीत काय झालं ते त्याने स्वतः भोगलेलं, पण मेडोजमध्ये मेलेल्या त्या मुलांचा मिसूरीशी काय संबंध? म्हणून "आधी त्यांनी सोसलं होतं" हे कारण मला पटत नाही, तसंच मेडोज दाखवून हॉन्स मिलचे मेलेले झाकणंही पटत नाही.

"तांड्याला जाऊ द्या" असं ब्रिगहॅम यंगचं पत्र १३ सप्टेंबरला पोचलं, दोन दिवस उशिरा. शिक्षा झाली ती एकट्या लीला, २० वर्षांनी, १८७७ मध्ये, त्याच कुरणात नेऊन गोळ्या घातल्या. बॉग्जचा हुकूम मात्र मिसूरीने अधिकृतपणे रद्द केला तो थेट १९७६ मध्ये.