फोटोमल्टिप्लायर नळीचे कालमापन

फोटोमल्टिप्लायर नळी म्हणजे अत्यंत मंद प्रकाशाचे, अगदी एका प्रकाशकणाचेही, विद्युत स्पंदात रूपांतर करणारे उपकरण. तिच्यावर प्रकाशकण पडल्यापासून तिच्या धनाग्रावर विद्युत स्पंद मिळेपर्यंतच्या काळाला संक्रमणकाल म्हणतात. तो कितीही मोठा असला तरी स्थिर असेल तर हिशेबात वजा करता येतो. अडचण होते ती स्पंदागणिक तो बदलत राहतो यामुळे, आणि मापनाचा सारा खटाटोप या विखुरणीसाठीच असतो.

विखुरणीचे मुख्य मूळ प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणारे प्रकाशसंवेदी ऋणाग्र आणि पहिला डायनोड (इलेक्ट्रॉन आदळताच आणखी इलेक्ट्रॉन सोडणारा विद्युताग्र) यांच्यामधल्या पोकळीत आहे. कडेला सुटलेल्या इलेक्ट्रॉनाचा मार्ग मध्यावर सुटलेल्याहून निराळा असतो. शिवाय प्रत्येकाचा आरंभीचा वेग आणि दिशा वेगळी असते.

मापनासाठी नळी काळोख्या पेटीत ठेवून तिच्यावर अत्यल्प कालावधीचे लेसर स्पंद सोडतात. प्रकाश गाळण्यांनी इतका मंद करतात की दहा स्पंदांमागे जेमतेम एकाला प्रतिसाद मिळावा. स्पंदामागे सरासरी 0.1 फोटोइलेक्ट्रॉन (प्रकाशामुळे ऋणाग्रातून सुटलेला इलेक्ट्रॉन) असताना प्रतिसादांपैकी सुमारे 5 टक्केच एकाहून अधिक इलेक्ट्रॉनांचे असतात. प्रकाश वाढवला तर नोंदी झपाट्याने जमतात खऱ्या, पण अनेक इलेक्ट्रॉनांपैकी आधी पोचणाराच वेळ ठरवू लागतो आणि नळी मुळात आहे त्याहून अचूक भासते.

लेसरच्या संकेताने घड्याळ सुरू होते आणि नळीच्या स्पंदाने थांबते. ठरावीक उंबरठा ठेवल्यास उंच स्पंद तो लवकर ओलांडतो, म्हणून स्पंदाच्या शिखराच्या ठरावीक अंशावर वेळ पकडतात किंवा विद्युतभारानुसार दुरुस्ती करतात. नोंदींच्या आयतालेखातील मुख्य शिखराची रुंदी म्हणजे विखुरणी. मात्र तिच्यातून लेसर आणि इलेक्ट्रॉनिकी यांचा वाटा वर्गांच्या वजाबाकीने काढावा लागतो. शिखरामागे दिसणारा छोटा उंचवटा पहिल्या डायनोडवरून उसळून पुन्हा परतलेल्या इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि तो रुंदीत मिसळू नये.

जपानमधील सुपर-कामिओकांडे या, न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण टिपणाऱ्या, पाण्याच्या टाकीच्या शोधकात 20 इंची नळ्या आहेत. त्यांचा संक्रमणकाल सुमारे 90 नॅनोसेकंद, तर एका फोटोइलेक्ट्रॉनासाठी विखुरणीचे प्रमाण विचलन सुमारे 2.2 नॅनोसेकंद आहे. तेवढ्यात पाण्यातला प्रकाश जवळपास अर्धा मीटर जातो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनांच्या वाटा वाकू नयेत म्हणून टाकीभोवती तारांची वेटोळी आहेत. टाकीत सोडलेल्या, लेसरचा प्रकाश सर्व दिशांना विखुरणाऱ्या गोळ्याच्या साहाय्याने प्रत्येक नळीसाठी वेळ आणि विद्युतभार यांचा दुरुस्ती-तक्ता तयार करतात.