सातारा जिल्ह्यातली ओली आणि कोरडवाहू शेती

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, तिथं वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला माण तालुक्यात 500 मिमी पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, पुढं उरलंसुरलं जातं. त्यामुळं जिल्हा एकच पण शेतीची तऱ्हा पार वेगळी.

जावळी-पाटणच्या डोंगराळ भागात भात. उन्हाळ्यातच शेण, पालापाचोळा टाकून राब भाजतात, त्यात रोपं करतात आणि पाऊस लागला की खाचरात चिखलणी, मग लावणी. चिखल करायचं कारण साधं आहे, मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली न मुरता बांधाच्या आत उभं राहतं. जास्तीचं पाणी काढून द्यायला बांध फोडायचा, कमी पडलं की बुजवायचा, पावसाळाभर हेच चालू. उतारावर नाचणी, वरी.

पूर्वेकडच्या माणदेशात भारी रान, म्हणजे खोल काळी जमीन, असेल तर खरिपात बऱ्याचदा काहीच पेरत नाहीत! रान पड ठेवून पाऊस झाला की कुळवाच्या (माती वरवर हलवणाऱ्या औताच्या) पाळ्या घालायच्या, तण मारायचं, ओल साठवायची आणि परतीचा पाऊस झाला की सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफसा (रान फार ओलं नाही, फार कोरडं नाही अशी वेळ) बघून शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा. वाफसा हुकला की सगळं हुकलं. पाभरीनं (पेरणीच्या औतानं) बी जरा खोल, खालच्या ओलीत पडलं पाहिजे, म्हणून चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरणारी बाई सरावाची लागते. पीक उभं असताना कोळपणी (ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं) दोन-तीनदा, ती फक्त तणासाठी नाही, काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या की त्यातनं ओल उडून जाते, कोळप्यानं त्या बुजवल्या की पीक तग धरतं. खरी मेहनत इथंच आहे असं माझं मत, भातवाले रागावतील. वाण म्हणाल तर मालदांडी 35-1, जुना पण अजून चालतो, भाकरीला आणि कडब्याला दोन्हीला चांगला.

हल्ली कॅनॉलचं पाणी आलं तिथं ऊस घुसलाय, तो विषय वेगळा.

भाताच्या आणि कोरडवाहू मुलखाला जोडणारी गोष्ट म्हणजे मेंढरं. माण-फलटणकडचे धनगर दिवाळीच्या सुमाराला घाट उतरून कोकणात जातात, भात काढलेल्या खाचरात मेंढरं बसवतात, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला त्याबदली धान्य नाहीतर पैसे. पावसाळ्याआधी मात्र माघारी फिरायचं, कारण तिकडच्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात.