सोनचाफा (कलमी)

सोनचाफा (शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका) हा मॅग्नोलिया कुलातला सदाहरित वृक्ष. सह्याद्रीच्या दमट जंगलांत तो ३० मीटरपर्यंत सरळसोट वाढतो. कोल्हापूरच्या परड्यांत आणि गच्चीवरच्या कुंड्यांत लावला जातो तो मात्र कलमी सोनचाफा: उभ्याने हात पुरेल एवढा आणि वर्ष-दोन वर्षांत फुलणारा. बियांपासून केलेले रोप पहिल्या फुलासाठी आठ-दहा वर्षे सहज थांबायला लावते. देवचाफा, हिरवा चाफा, नागचाफा हे नावाने भाऊबंद असले तरी कुळाने परके आहेत.

लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला ‘मिचेलिया’ या वेगळ्या प्रजातीत घातले होते. पुढे त्याची गणना मॅग्नोलियातच होऊ लागली. कुलातले हे नाते फुलात स्पष्ट दिसते. निदले (फुलाचा बाहेरचा घेर) आणि पाकळ्या असा भेद नाही, पुंकेसर आणि स्त्रीकेसर लांबट दांड्यावर मळसूत्राकार रचलेले असतात. कळी पानाच्या बगलेत येते. तिच्यावर रेशमी लवेचे टोपरे असते. ते फाटून गळले की आतला पिवळा-केशरी रंग दिसू लागतो.

कलम करताना सोनचाफ्याच्याच बियांच्या रोपाचा खुंट घेतात आणि त्यावर फुलणाऱ्या झाडाची काडी बांधतात. काडी वयात आलेल्या झाडाची असल्याने फूल लवकर येते. पण कलम म्हणजे जन्मजात बुटके झाड नव्हे. मोकळे सोडले तर तेही छपराच्या वर जाते. ते आटोपशीर राहते ते खुडण्याने. वीतभर वाढलेल्या कोवळ्या फांदीचा शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, आणि जितके फुटवे तितक्या कळ्यांच्या जागा. जाड फांद्या एकदम छाटू नयेत, घाव लवकर भरत नाही. सगळ्यात जपायचे ते जोडाला, म्हणजे खुंटावर काडी बांधली त्या जागेला. जोडाच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा असतो. तो जोमदार दिसतो म्हणून राखला तर काही महिन्यांत काडीला मागे टाकतो आणि कलमावरचा खर्च वाया जातो. असा फुटवा दिसताच मुळापासून काढावा. लावताना जोड मातीच्या वर चार बोटे तरी राहिला पाहिजे.

कोल्हापुरात खरी अडचण मातीची आहे. पश्चिमेकडे पन्हाळा-राधानगरीच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत सोनचाफा आनंदाने वाढतो. पंचगंगाकाठच्या काळ्या मातीत पावसाळाभर पाणी धरून राहते आणि त्याची मांसल मुळे कुजतात. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत तर त्याला लोह मिळेनासे होते: शिरा हिरव्या, मधले पान पिवळे. चिलेटेड (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या) लोहाची फवारणी तात्पुरती उपयोगी पडते, पण मुळाशी माती बदलणे हाच इलाज. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन तळाला मुरूम, वर तांबडी माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे, आणि झाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडे उंच, वरंब्यावर बसवावे. पुराचे पाणी येणाऱ्या जागी ते लावूच नये.

शहरात पहिले पाऊस झाले की जूनअखेर लागवड करावी. गगनबावड्यासारख्या मुसळधार पट्ट्यात सप्टेंबरची उघडीप बरी. दोन कलमांत आठ-दहा फूट अंतर हवे, ऊन पाच-सहा तास. मुळे दुखावलेली झाडाला सोसत नाहीत, म्हणून पिशवीतला गड्डा न फोडता लावावे आणि पुन्हा जागा बदलू नये. कुंडी घ्यायची तर दीड फुटांची, बुडाला मोठी भोके असलेली. उन्हाळ्यात आळ्यात पाचट पसरावे. ऊसपट्ट्यात ते हवे तेवढे मिळते आणि मुळे गार राहतात.

फुले पहाटे, उमलायच्या बेतात असताना देठासकट काढतात. पाकळीला बोट दाबले तरी तपकिरी डाग उठतो, त्यामुळे पूजेसाठी दिली जाणारी फुले हाताळली जातील तितकी कमी बरी. न तोडलेल्या फुलांना द्राक्षासारखे फळांचे घोस धरतात आणि झाडाची ताकद त्यात जाते. बी हवे नसेल तर ते काढून टाकावेत. बी घ्यायचेच तर वरचा लाल गर राखेत चोळून काढून ताजे पेरावे, वाळले की ते उगवत नाही.

कीड म्हणजे मुख्यतः खवले कीड आणि पिठ्या ढेकूण. सुरुवातीला साबणाच्या पाण्याने पुसून किंवा निंबोळी अर्काने आवरतात. पाने खाणारी हिरवी-काळसर अळी बहुधा टेल्ड जे या फुलपाखराची असते. चार पानांपलीकडे ती नुकसान करत नाही. तिच्यावर विष मारू नये.