पुरस्कार आणि सन्मान : बेळगाव सीमाभाग

साहित्य, कला, मानव्यविद्या आणि विज्ञान या क्षेत्रांतील कर्तृत्वाची शासनाने, संस्थेने किंवा गावाने जाहीरपणे घेतलेली दखल म्हणजे पुरस्कार. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठी वस्तीचा पट्टा आधी म्हैसूर आणि पुढे कर्नाटक राज्यात राहिला, तेव्हापासून येथील लेखकाचे घर एका राज्यात आणि त्याची भाषा शेजारच्या राज्याची राजभाषा, अशी स्थिती आहे. म्हणून सीमाभागात पुरस्कार केवढा मोठा, याआधी तो राज्याच्या नावाने मिळतो की भाषेच्या, हे पाहावे लागते.

विद्वानांना सार्वजनिक खजिन्यातून मान देण्याची रीत मराठी मुलखाला जुनी आहे. पेशवाईत पुण्यात श्रावणात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात तिचाच काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवण्यात आला.

आजच्या व्यवस्थेत सीमाभागाला सर्वांत जवळचा ठरतो तो साहित्य अकादमीचा पुरस्कार, कारण तो राज्यनिहाय नसून भाषानिहाय आहे. अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ चा मराठीतील पहिला पुरस्कार ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना मिळाला. आता २४ भाषांसाठी तो दिला जातो. लेखक कोणत्या जिल्ह्यात राहतो हे येथे विचारले जात नाही. आयुष्याचा मोठा काळ बेळगावात काढलेल्या इंदिरा संत यांना ‘गर्भरेशीम’साठी १९८४ चा पुरस्कार मिळाला तो मराठी कवयित्री म्हणून. पुढे १९९५ मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कारही त्यांना लाभला. बेळगावातच राहिलेले शंकर रामाणी यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे : मराठीत कविता लिहून नाव मिळवलेल्या या कवीला १९९६ चा अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘निळें निळें ब्रह्म’ या कोंकणी संग्रहासाठी. एकाच गावात किती भाषा नांदतात हे अशा नोंदींतून जितके कळते तितके नकाशावरून कळत नाही. याच जिल्ह्यातील घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांना २०१० चे ज्ञानपीठ मिळाले ते कन्नडसाठी, आणि बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९९० मध्ये पद्मविभूषण झाले ते गाण्यासाठी. जिल्ह्याचा मान मोजायचा तर ही सारी नावे एकत्रच घ्यावी लागतात.

राज्यांच्या सन्मानांचे गणित वेगळे आहे. कर्नाटकाचा राज्योत्सव पुरस्कार १ नोव्हेंबर या राज्यस्थापनेच्या दिवसाशी जोडलेला आहे, आणि सीमाभागातील मराठी समाज नेमका तोच दिवस, हा भाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेवरून, काळा दिवस म्हणून पाळतो. ज्या तारखेला एका व्यासपीठावर सत्कार होतात त्याच तारखेला बेळगावच्या रस्त्यांवर काळे झेंडे घेऊन फेरी निघते, ही गोष्ट कोणत्याही पुरस्काराच्या नियमावलीत सापडणार नाही. पण येथील माणसाला ती सांगावी लागत नाही. महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्र भूषण हा सर्वोच्च पुरस्कार प्रथम १९९६ मध्ये पु. ल. देशपांडे यांना देण्यात आला. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते, याचा अभिमान शहर अजून बाळगून आहे.

विज्ञानातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कारासारखे सन्मान प्रांत किंवा भाषा पाहत नाहीत. मात्र गावोगावच्या सत्कारांत शास्त्रज्ञाचे नाव क्वचितच ऐकू येते, आणि ही उणीव आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हाही मराठीत सन्मानच मानला जातो. बेळगावात १९२९ मध्ये शि. म. परांजपे, १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० मध्ये य. दि. फडके यांनी ते भूषवले. पैकी १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव संमत झाला.

या मोठ्या संमेलनांचे धाकटे रूप कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांतील साहित्य संमेलनांत दिसते. सकाळी ग्रंथदिंडी निघते, टाळ-मृदंगाच्या मागे शाळेची मुले आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका चालतात. मंडपात सत्कारमूर्तीला फेटा बांधतात, शाल पांघरतात, हातात श्रीफळ देतात आणि मानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचतात. रोख रक्कम असली तर थोडीच असते. ती लोकवर्गणीतून आलेली असते, म्हणून देणाऱ्यांचे चेहरे घेणाऱ्याला समोरच दिसतात. पुढे ते मानपत्र चौकटीत बसवून घराच्या सोप्यात, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशा जागी टांगले जाते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले असले तरी मराठी मानपत्रावर ते ‘बेळगाव’ असेच लिहितात.