जॅक टार (खलाशांचं जुनं टोपणनाव)

जॅक टार म्हणजे इंग्रजांच्या शिडाच्या जहाजांवरचा साधा खलाशी, मग तो रॉयल नेव्हीतला, म्हणजे ब्रिटिश आरमारातला असो नाहीतर व्यापारी जहाजावरचा. जॅक हे तिकडे घरोघरी सापडणारं नाव, आणि टार म्हणजे डांबर. पण हे रस्त्यावरचं डांबर नाही बरं का, पाइनची मुळं आणि लाकूड झाकलेल्या भट्टीत धुमसत ठेवलं की खाली जो काळपट चिकट रस गळतो तो हा, आणि तो स्वीडन-फिनलंडकडून पिंपं भरभरून यायचा.

जहाजावर या डांबराचं मुख्य काम दोरांचं. डोलकाठ्या ताणून धरणारे वाखाचे जाडजूड दोर पावसाने नि खाऱ्या पाण्याने कुजायचे म्हणून त्यांना पुन्हापुन्हा डांबर चोपडायचं, आणि खलाशी त्याच दोरांवरून वर चढणार, वाऱ्यात लटकून शीड आवळणार, मग तळहाताच्या रेघांत, नखांत, कपड्यांवर ते बसणारच, साबणाने थोडंच जातंय! शिवाय पावसासाठी कॅनव्हासला डांबर फासून टोप्या आणि कोट करायचे. त्या कापडाला म्हणायचे टार्पोलिन, म्हणजे आपण पावसाळ्यात पडवीला बांधतो त्या ताडपत्रीचा मूळ अवतार. 17व्या शतकात खलाशालाच टार्पोलिन म्हणायला लागले, आणि टार हे बहुतेक त्याचंच आखूड रूप.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा शब्द हातांनी काम शिकलेल्या माणसाचा आहे. समुद्रावर घासून वर आलेल्या अधिकाऱ्याला तेव्हा टार्पोलिन म्हणायचे आणि वशिल्याने आलेल्या बड्या घरच्या पोराला जंटलमन, दोघांचं पटायचं नाही. आरमाराचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल पेपिसने 1677 मध्ये लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षा ठेवली ती याचसाठी, की जहाज चालवता येतं का ते आधी दाखवा.

एक गोष्ट मात्र चुकीची पसरलीय, की खलाशांच्या डांबर लावलेल्या वेणीचे डाग पडू नयेत म्हणून नाविकांच्या गणवेशाला मागे ती चौकोनी कॉलर आली. खलाशांसाठी ठरलेला गणवेश आला 1857 मध्ये, वेण्या त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

पुढे वाफेची जहाजं आणि पोलादी तारांचे दोर आले तसं डांबराचं काम कमी झालं. ब्रिटिश नेव्हीत साध्या नाविकाला जॅक मात्र अजून म्हणतात.