विशेष स्पर्शभिंगे : फिटिंग आणि व्यावसायिक शिक्षण

विशेष स्पर्शभिंगे : दुकानात ठरावीक मापात मिळणाऱ्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्सने ज्यांना स्पष्ट दिसत नाही किंवा ज्यांच्या डोळ्याला ती सोसत नाही, त्यांच्यासाठी डोळ्याच्या घडणीनुसार बनवून घेतलेली भिंगे. केराटोकोनस (कॉर्निया म्हणजे स्वच्छमंडल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणे), कॉर्निया-रोपणानंतरचा खडबडीतपणा, जखमेचे व्रण, तीव्र कोरडेपणा, स्टीव्हन्स-जॉन्सन विकारानंतरची (त्वचा व डोळ्यांचे अस्तर होरपळवणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेनंतरची) अवस्था आणि जन्मजात मोतीबिंदू काढलेली तान्ही मुले ही त्यांची मुख्य क्षेत्रे. वायुपारगम्य कडक भिंगे (व्यवहारात आरजीपी), श्वेतमंडलावर (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर) टेकणारी स्क्लेरल, मध्ये कडक व कडेला मऊ असलेली हायब्रिड, मऊ भिंगावर कडक भिंग ठेवण्याची पिगीबॅक पद्धत, कॉर्नियाला तात्पुरता आकार देण्यासाठी झोपताना घालून सकाळी काढायची ऑर्थो-के आणि विद्रूप डोळा झाकणारी रंगीत भिंगे असे प्रकार आहेत.

उगम : लिओनार्दो दा विंचीच्या १५०८च्या सुमारासच्या रेखाटनांपासून हा इतिहास सुरू करण्याची जुनी प्रथा आहे. परंतु पाण्याच्या भांड्यात चेहरा बुडवण्याचे ते चित्र दृष्टी कशी घडते हे समजून घेण्यासाठी काढलेले दिसते. त्यात दृष्टिदोष दुरुस्त करण्याचा हेतू होता असे म्हणायला आधार तुटपुंजा आहे. देकार्तची पाण्याने भरलेली नळी (१६३७) आणि टॉमस यंगचा प्रयोग (१८०१) यांबाबतही हेच म्हणता येईल. जॉन हर्शेलने १८४५मध्ये डोळ्याचा साचा घेऊन भिंग घडवण्याची कल्पना मांडली खरी, पण ती कागदावरच राहिली.

प्रत्यक्ष डोळ्यावर भिंग पहिल्यांदा कोणी ठेवले, याबद्दल एकमत नाही. जर्मनीतील वीसबाडेनचे काचेचे डोळे बनवणारे म्यूलर घराणे १८८७च्या सुमारास एका रुग्णासाठी केलेल्या काचेच्या कवचाचा दाखला देते. मात्र त्या कवचाचा हेतू डोळ्याचे रक्षण हा होता, आणि त्याची माहिती बऱ्याच वर्षांनी छापली गेली. झुरिकच्या आडोल्फ ओयगेन फिकने १८८८मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला. आधी ससे, मग स्वतःचा डोळा, मग रुग्ण असा त्याचा क्रम होता, आणि कवचाखाली त्याने २ टक्के द्राक्षशर्करेचे द्रावण भरले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत युजेन काल्टचे केराटोकोनसवरील काम मांडले गेले. काल्टची भिंगे केवळ कॉर्नियावर बसणारी होती असे पूर्वी लिहिले जाई. मूळ मजकूर पुन्हा तपासणाऱ्यांचा कल ती श्वेतमंडलावर टेकणारी होती असे मानण्याकडे आहे, आणि तेच अधिक संभाव्य वाटते. कीलचा आउगुस्ट म्यूलर (१८८९) याने स्वतःच्या सुमारे –१४ डायॉप्टर (भिंगाच्या नंबरचे एकक) लघुदृष्टीसाठी भिंग घडवले, पण ते त्याला अर्धा तासही धड सोसवले नाही. फिक आणि काल्ट यांचे वर्ष एकच असले तरी प्रकाशित वैद्यकीय नोंद, दृष्टिसुधारणेचा हेतू आणि सविस्तर निरीक्षणे या तीन कसोट्यांवर फिकचे पारडे जड ठरते. काही तासांच्या वापरानंतर कॉर्नियावर येणारी धूसरताही त्याने टिपली आहे.

पुढचे टप्पे सर्वज्ञात आहेत : केव्हिन टुओहीचे प्लॅस्टिकचे कॉर्नियल भिंग (१९४८), ओटो विख्टर्लेने १९६१च्या नाताळात घरच्या घरी फिरत्या साच्यावर ओतलेली हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी मऊ) भिंगे, १९७०च्या दशकाअखेर आलेले वायुपारगम्य कडक प्लॅस्टिक आणि १९८३मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉन इझीकेल यांनी त्याच प्लॅस्टिकमध्ये केलेली स्क्लेरल भिंगे. आजच्या स्क्लेरल फिटिंगचा पाया हा शेवटचा टप्पा आहे.

कॉर्नियल आरजीपीचे फिटिंग : केराटोमीटर कॉर्नियाच्या मधल्या सुमारे ३ मिमी भागाचीच वक्रता देतो. शंकूचे टोक बहुधा खाली सरकलेले असल्याने केराटोकोनसमध्ये हा आकडा पहिले ट्रायल भिंग निवडण्यापुरताच कामाचा. टोपोग्राफीचा (कॉर्नियाच्या पृष्ठभागाच्या घडणीचा) नकाशा हाताशी असला तरी अंतिम निर्णय भिंग डोळ्यावर ठेवून, फ्लुओरेसीन (निळ्या प्रकाशात हिरवे चमकणारे रंगद्रव्य) घालून, निळ्या प्रकाशात व पिवळ्या गाळणीतून पाहूनच होतो. शंकूच्या टोकावर २ ते ३ मिमीचा पिसासारखा हलका स्पर्श, मधल्या परिघावर टेकणे आणि कडेला सुमारे अर्धा मिमी रुंद हिरवी पट्टी ही ‘तीन बिंदूंची’ बैठक बहुतेकांना मान्य आहे. टोकावर गर्द काळा डाग दिसला की भिंग सपाट. ते तसेच चालू ठेवल्यास घासून व्रण पडतो. मध्ये हिरवे तळे आणि त्यात बुडबुडा असला की भिंग जास्त वळलेले. अश्रूंचा थर साधारण २० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) पातळ असेल तर तो काळाच दिसतो. म्हणून काळे दिसले म्हणजे भिंग टेकलेच असे नव्हे. अतिनील किरण अडवणारे भिंग अतिनील हातदिव्याखाली पूर्ण काळे दिसते व नवशिका घाबरून माप बदलतो. तेथे स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून पाहण्याच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या) निळ्या प्रकाशातच पाहावे.

आणखी एक चूक नंबर लिहिताना होते. भिंगाची त्रिज्या ०.०५ मिमीने कमी केली की –०.२५ डायॉप्टर वाढवा, हा पाठ केलेला नियम ७.८ मिमीच्या आसपास ठीक चालतो (त्रिज्येवरून डायॉप्टर काढण्याचा ठरलेला आकडा ३३७.५; तो भागिले ७.८० व ७.८५ यांतला फरक ०.२८). पण ६.०० मिमी त्रिज्येला तोच बदल ०.४६ डायॉप्टर होतो. तीव्र केराटोकोनसमध्ये दोन-तीन पायऱ्या बदलल्या की सुमारे अर्ध्या ते पाऊण डायॉप्टरची तूट पडते, आणि दोष रुग्णाच्या माथी मारला जातो.

स्क्लेरल भिंग : हे भिंग कॉर्नियाला न शिवता त्यावरून कमानीसारखे जाते आणि श्वेतमंडलावर टेकते. मधली पोकळी परिरक्षकविरहित ०.९ टक्के सलाइनने भरलेली असते. येथे वक्रतेपेक्षा खोली, म्हणजे घुमटाची उंची, महत्त्वाची. १५ मिमी जीवेवर (घुमटाच्या पायाच्या रुंदीवर) सामान्य डोळ्याची खोली सुमारे ३,७०० ते ३,८०० मायक्रॉन भरते, केराटोकोनसमध्ये त्याहून अधिक. भिंग काठोकाठ भरून त्यात फ्लुओरेसीनचा कण मिसळतात. रुग्णाने चेहरा जमिनीला समांतर करायचा, पापण्या ताणून धरायच्या आणि भिंग सरळ वर न्यायचे. मान थोडी जरी तिरकी झाली तरी बुडबुडा राहतो. त्यावर एकच उपाय, काढून पुन्हा भरणे. चोळून बुडबुडा जात नाही.

नंतर स्लिट लॅम्पची अरुंद किरणरेषा सुमारे ४५ अंशांतून टाकून हिरव्या थराची जाडी भिंगाच्या जाडीशी ताडून पाहतात. भिंग ३०० मायक्रॉनचे आणि थर तेवढाच, तर अंतर ३००. पुष्कळजण कॉर्नियाची जाडी फूटपट्टी म्हणून धरतात; केराटोकोनसमध्ये ती ४०० मायक्रॉनही असू शकते, त्यामुळे अंदाज फसतो. काही तासांत भिंग १०० ते १५० मायक्रॉन खाली बसते. म्हणून सुरुवातीला ३०० ते ३५० आणि बसल्यावर २०० च्या आसपास हे लक्ष्य ठेवतात. कॉर्नियाच्या काठावर, म्हणजे लिंबसवर, ५० ते १०० मायक्रॉन मोकळे हवेत. निदान अर्धा तास थांबल्याशिवाय बैठकीबद्दल मत देऊ नये.

कडेखालच्या रक्तवाहिन्या एका बाजूला पांढऱ्या पडल्या तर तिथे दाब आहे. श्वेतमंडल सगळीकडे सारखे नसते. नाकाकडचा भाग सपाट असतो, त्यामुळे भिंग बाहेर व खाली घसरते. अशा वेळी पूर्ण भिंग सैल करणे हा उपाय नव्हे, दोन दिशांना वेगळ्या मापाची टोरिक कड मागवावी. दुपारपर्यंत धुके येण्याची तक्रार बहुधा सैल कडेखालून आत शिरणाऱ्या कचऱ्यामुळे असते. भिंग काढून, नवे सलाइन भरून घातल्यावर लगेच स्पष्ट दिसले तर धुके द्रवातले. इंद्रधनुषी वलये टिकून राहिली तर कॉर्निया सुजला आहे असे समजावे.

प्राणवायूचा प्रश्न : यावरचा वाद मिटलेला नाही. होल्डन व मर्ट्झ यांनी १९८४मध्ये दिवसाच्या वापरासाठी किमान पारगम्यता २४ सांगितली. ही पारगम्यता म्हणजे डीके (द्रव्यातून प्राणवायू झिरपण्याचे माप) आणि जाडी यांच्या भागाकारातून येणारा आकडा. स्क्लेरल भिंगात भिंग आणि अश्रू असे दोन अडथळे एकामागे एक असतात. डीके १०० चे ३०० मायक्रॉन भिंग ३३ देते; अश्रूंचे डीके ८० धरले तर २०० मायक्रॉनचा थर ४० देतो; दोन्ही अडथळ्यांची बेरीज (१/३३ + १/४०) करून उलटवली की उरतात सुमारे १८. डीके १५० आणि जाडी २५० मायक्रॉन केली, तर ६० व ४० मिळून बरोबर २४ येतात. या मापांपलीकडे जाऊ नये, ही शिफारस अशा हिशेबांवर उभी आहे. प्रत्यक्षात निरोगी कॉर्नियावर सूज थोडीच आढळते, असे विरुद्ध बाजू दाखवते. मात्र रोपण केलेल्या, आतल्या थरातील पेशी कमी उरलेल्या कॉर्नियासाठी सावध पक्षच धरावा.

गोव्यातील व्यवहार : आधुनिक वैद्यकशिक्षणाची येथील परंपरा जुनी आहे, पणजीच्या १८४२च्या एस्कोला मेदिको-सिरुर्जिकातून आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. विशेष भिंगे मात्र साधारणपणे परराज्यातील प्रयोगशाळांकडून घडवून घ्यावी लागतात. त्यामुळे प्रत्येक चुकलेल्या मापामागे कुरिअरचे दिवस आणि काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्या रुग्णाची आणखी एक खेप वाया जाते.

दमट हवा, बागायतीतली माती आणि घरोघरच्या विहिरी यांमुळे निगेच्या सूचना येथे अधिक काटेकोर लागतात. विहिरीचे पाणी कितीही नितळ असो, अकँथामिबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव त्यात असू शकतो. नळाच्या पाण्यालाही हेच लागू. भिंग व डबी कधीही पाण्याने धुऊ नये आणि समुद्रात, नदीत वा तळीवर भिंग घालून उतरू नये. झावळी किंवा भाताचे पाते लागून डोळा लाल झाला तर भिंग त्याच क्षणी काढून नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. बुरशीचा संसर्ग सुरुवातीला फारसा दुखत नाही आणि घरातले स्टेरॉइडचे थेंब टाकल्याने तो बळावतो. डोक्याला खोबरेल लावलेल्या हाताने भिंग हाताळले की त्यावर पाणी धरत नाही, थेंबथेंब होते. फोंड्याच्या उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात डबी ठेवू नये. सलाइनसाठी एकदाच वापरायच्या कुप्या उत्तम. सलाइनची मोठी बाटली स्वस्त पडते, पण उघडलेली बाटली साठवून वापरू नये. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणाऱ्याने त्याच्या खास डबीत निदान सहा तास भिंग ठेवल्याशिवाय ते डोळ्याला लावू नये. सूचनापत्रक देवनागरी कोकणी, रोमी कोकणी व मराठी अशा तिन्ही रूपांत ठेवणे उपयोगी पडते. इंग्रजी पत्रक रुग्ण मान डोलावून खिशात घालतो.

व्यावसायिक शिक्षण : भारतात दृष्टिमितीचे (ऑप्टोमेट्रीचे) औपचारिक अभ्यासक्रम १९५०च्या दशकाअखेर सुरू झाले असे सामान्यतः मानतात. चेन्नईचे एलीट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री १९८५चे. कॉन्टॅक्ट लेन्स शिकवणाऱ्या अध्यापकांची आंतरराष्ट्रीय संघटना आयॅकल १९७९पासून काम करते. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने दृष्टिमितिज्ञ राष्ट्रीय नियमनाखाली आले.

पदवीच्या अभ्यासक्रमात विशेष भिंगांना वेळ थोडा मिळतो. लहान राज्यात अडचण दुहेरी, कारण एकेका दवाखान्यात असे रुग्ण मोजके येतात व शिकलेला हात बसून राहतो. म्हणून प्रशिक्षणात व्याख्यानाआधी हातकाम ठेवणे बरे. प्रथम निरोगी डोळ्यावर भिंग भरून घालणे व काढणे. मग तीन वेगळ्या खोल्यांची ट्रायल भिंगे लावून अंतराचा अंदाज कागदावर लिहायचा आणि एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचा छेद दाखवणाऱ्या) यंत्राच्या मोजणीशी ताडायचा. प्लंजर (भिंग ओढून काढायची रबरी चूषणी) भिंगाच्या मध्यभागी नव्हे, कडेजवळ लावायचा, हे प्रत्येकाकडून करून घ्यावे. मध्ये लावून ओढले तर निर्वात न सुटता जोर थेट कॉर्नियावर येतो, आणि रोपणाच्या डोळ्यात टाके किंवा जोड उसवू शकतो. प्रयोगशाळेकडे मागणी पाठवताना ट्रायल भिंगाची खोली, व्यास, शक्ती, किती वेळाने पाहिले, मध्यावरचे व लिंबसवरचे अंतर, चारही दिशांची कड आणि वरून केलेली नंबर-तपासणी एवढे तरी लिहावे. टोरिक कडेसाठी भिंगावरील खूण कोणत्या अंशावर स्थिरावली हेही.